खोबरेलात बुडालेला कंचा

रुपाचं तोंड हुंगायचं काम उर्वशीच्या गळ्यात पडलं, तेव्हा तिची सुट्टी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता.

सुट्टीत असलं काम दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही. भंडाऱ्याहून मामाच्या गावी निघताना उर्वशीने आणि तिच्या धाकट्या भावाने, भुपेंद्रने, भलतेच बेत केले होते. तलावात डुंबायचं, जंगलात चारं-टेंभरं असली रानफळं शोधायची, मामेबहीण रुपाला घेऊन दिवसभर उंडारायचं. प्रत्यक्षात मामीने तिला चुलीमागे ओढून नेलं आणि दबक्या आवाजात बजावलं, की रुपाची पाठ सोडायची नाही, ती परसात गेली तरी मागे जायचं आणि अधूनमधून तिच्या तोंडाचा वास घ्यायचा.

"पोट्टी चोरून आंबे खाऊन राहिली," मामी म्हणाली. "तोंडाले घमघम वास येते. मले सांगत नाई, तुले सापडन."

रुपा दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार झाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणंच सोडून दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ सुई टोचून ते बाहेरून दिलं नाही तर ती जगणार नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं आणि रुपालाही ते पाठ होतं. सुई ती स्वतः घ्यायची, हूं की चूं न करता. पण गेल्या पंधरवड्यात सगळंच बिनसलं. सुई वेळेवर घेऊनही बोटाच्या रक्तातली साखर मशीनवर रोज वर चढत होती. रुपा वाळत चालली होती, तांब्यांवर तांबे पाणी पीत होती, आणि तोंडाला तो वास. त्यात घरोघरी आंबे पिकलेले. मग काय, निकाल लागायला कितीसा वेळ लागतो? मामीने लेकीला बडवलं, तिचा भात अर्ध्यावर आणला आणि टोल्यातल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, दारोदार जाऊन सांगून आली, की माझी पोरगी चोरटी निघाली, तिच्या हाती आंबा देऊ नका आणि आपापल्या आढीवर लक्ष ठेवा.

तेव्हापासून शेजारची पोरं रुपाला पाहिलं की हातातल्या कोया पाठीमागे लपवायची. रुपाने घराबाहेर पडणंच सोडलं.

उर्वशीलाही ती चोर वाटत होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. तिने पहिल्याच दिवशी वास घेतला होता. गोडसर, जरा उतरलेल्या आंब्यासारखा. आता नाकावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

तर दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ती रुपाला चिकटली. रुपाने सुई घेतली, मोजून दिलेलं भात-वरण खाल्लं आणि चटईवर पडून राहिली. बाहेर झळा सुटल्या होत्या. दारं लोटलेली, खिडकीवर ओलं पोतं, घरात माशांची तेवढी गुणगुण. पत्ते काढले तर दोन डावांत रुपाचे डोळे मिटायला लागले. ती पाणी प्यायला उठली, उर्वशी उठली. ती परसात गेली, उर्वशी बाहेर उभी राहिली. संध्याकाळपर्यंत आंब्याची सालसुद्धा रुपाच्या हाताला लागली नव्हती. दिवेलागणीला मामीने तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावला. आकडा कालच्यापेक्षा वर होता.

मामीने कपाळावर हात मारून घेतला आणि उर्वशीकडे असं काही पाहिलं, की जणू तिनेच आंबा कापून भरवला असावा.

रात्रीच्या अंथरुणावर रुपा तिच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी कायी खाल्लं नाई वं ताई. तू तं दिवसभर संगंच होती. आता तुले तरी खरं वाटते का नाई?"

उर्वशीने तिचा हात हातात घेतला. हात तापलेल्या काटकीसारखा लागला. तिला आपलीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. चोरी नसेल तर मग हे काय होतं?

सकाळी तिने भुपेंद्रला तलावाच्या पाळीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. भुपेंद्र अकरा वर्षांचा. पाण्यात दोन-चार खडे फेकून तो म्हणाला, "ती खात नाई, सुई वेळेवर घेते, तरी साखर चढते. मंग सुईतच दम नसन."

इन्सुलिनची बाटली राहायची फ्रिजमध्ये. आणि त्या फ्रिजची कथा निराळीच होती.

धावडटोला म्हणजे नाकाडोंगरीकडच्या जंगलात आत शिरलेली शेतकऱ्यांची छोटी वस्ती. विजेचे खांब जंगलाच्या अलीकडेच थांबले होते. पलीकडे न्यायची परवानगी कुठल्या तरी टेबलावर पडून होती. तेव्हा इश्वरमामाने दिवाळीनंतर भंडाऱ्याहून सोलरचं सामान आणलं. गोठ्याच्या छपरावर दोन प्लेटा, घरात एक जडशीळ बॅटरी, भिंतीवर दिव्यांचा एक डबा आणि पत्र्याच्या पेटीएवढा फ्रिज. त्यावर दोन बल्ब, एक पंखा आणि मोबाईलचं चार्जिंगही व्हायचं, पण मामाने तो सारा खटाटोप केला होता तो लेकीच्या बाटलीसाठी. त्याचं पाहून टोल्यात आणखी एक-दोन घरांनी दिव्यापुरती एकेक प्लेट बसवून घेतली होती. त्याआधी ती बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. मामाला आपल्या सोलरचा भारी अभिमान होता, आणि अभिमान असला की माणसं करतात तेच त्याने केलं. सगळं ज्ञान स्वतःपाशी ठेवलं. डब्याला कुणी हात लावायचा नाही, बॅटरीजवळ कुणी फिरकायचं नाही, विचारायचंही नाही, मी आहे ना, असा एकूण खाक्या. घरच्यांनी फक्त एक नियम पाळायचा: दुपारी फ्रिज उघडायचा नाही, गारवा जातो. आंब्याचा हंगाम सुरू झाल्यावर मामीने त्यात स्वतःची भर घातली. फ्रिजला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणजे सकाळच्या सुईपासून संध्याकाळच्या सुईपर्यंत त्या फ्रिजच्या आत काय चालतं, हे घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

सकाळी मामीने कुलूप काढलं तेव्हा दोघांनी आत हात घालून पाहिला. चांगला गार होता. बारीक घूं आवाज येत होता. भुपेंद्रचा चेहरा पडला.

उर्वशी मात्र दारातच घुटमळली. आता हा गार आहे, संध्याकाळीही असेल, पण मधल्या वेळाचं काय? कुलूपबंद पेटीच्या आत बसून कोण पाहणार? अशा वेळी माणसाला काय आठवेल याचा नेम नसतो. तिला आठवली हिवाळ्यातली तेलाची बाटली. भंडाऱ्याच्या घरी थंडीत खोबरेल गोठतं, शाळेच्या घाईत आई बाटली चुलीजवळ धरून ते पातळ करते.

तिने वाटीत बोटभर खोबरेल ओतलं आणि केसांना गार तेल लावायचं आहे, असं सांगून मामीकडून ती वाटी फ्रिजमध्ये ठेवून घेतली. मामीने शहरातल्या पोरींच्या थेरांवर दोन शब्द सुनावले, पण ठेवू दिली. दुसऱ्या सकाळी तेल पांढरंफेक गोठलं होतं. उर्वशीने भुपेंद्रचा निळा कंचा, खेळातली काचेची गोटी, त्या घट्ट तेलावर अलगद ठेवला, वाटी बाटलीच्या मागे सरकवली आणि मामीने कुलूप लावलं.

"फ्रिज दिवसभर गार राहिला तं कंचा वरतच राहील," तिने भावाला समजावलं. "मधात तापला तं तेल पातळ होईल अन् कंचा बुडन. मंग रात्री कितीई गार होऊ दे, कंचा काई वर येत नाई."

भुपेंद्रने तिच्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं.

त्या दिवशी रुपाने जेवण अर्धवट टाकलं. संध्याकाळी ती उठून बसायलाही कुरकुरली. मामा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवायचा, तो उन्हातून तापून आला आणि डब्यावरचा लाल दिवा आठवून पोरांवरच घसरला. परवा दुपारी घरी आलो तेव्हा बॅटरी बसलेली होती, पोरं आली की मोबाईल खेळून खेळून सगळी वीज खातात, असं त्याचं म्हणणं. मोबाईल भुपेंद्रने खरोखरच खेळला होता. त्या दिवसापासून त्याने चार्जरला हात लावला नाही की पंख्याला.

पुढच्या सकाळी मामी सुई काढायला वाकली आणि तिच्या काखेखालून उर्वशीने वाटीत पाहिलं. तेल पांढरं होतं, घट्ट होतं, वरून कालच्यासारखंच गुळगुळीत. कंचा दिसत नव्हता. तिने बोटाने तेल उकरलं. तळाशी, वाटीच्या बुडाला टेकून, निळा कंचा गोठलेला होता.

तिने तिथल्या तिथे मामीला सांगितलं. फ्रिज दुपारी तापतो, बाटली खराब झाली आहे, ही सुई देऊ नका, आधी मामाला बोलवा. मामीचा तेंदूपत्ता तोडायला जायचा वेळ टळत होता, शेजारच्या उषाबाई हाका मारत होत्या. तिने फ्रिजमध्ये हात घालून दाखवला. गार तर आहे, मग कुठे तापला? खेळ पुरे करा, म्हणाली. कुलूप लागलं. रुपाने निमूटपणे सुई घेतली आणि मामी निघून गेली. सकाळी पानं तोडायची, सावलीत बसून त्यांची पुडकी बांधायची आणि दुपारी ती फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागेवर, नेऊन टाकायची, असे त्या दिवसांतले बायकांचे हाल असतात. मामीला लेकीची काळजी नव्हती असं कुणी समजू नये. तिला खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला काही दाखवणं फार कठीण असतं.

ऊन चढलं तशी दोघं भावंडं फ्रिजला कान लावून बसली. रुपा चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. फ्रिज घूं घूं करत होता. पत्र्याखालची खोली भाजून निघत होती, मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या. सावली अंगणात उंबऱ्याजवळ आली आणि फ्रिज एकदा खडखडला. मग थांबला. मग पुन्हा सुरू झालाच नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामाच्या खोलीत जायला मनाई होती, ते गेले. डब्यावरचा लाल दिवा लागला होता.

"मी नाई केलं कायी," भुपेंद्र आधी म्हणाला. "कालपासून चार्जर पाहिलाबी नाई."

उर्वशीला ते ठाऊक होतं. तिचं लक्ष दुसऱ्याच दिव्याकडे होतं. डब्यावर सूर्याचं चित्र होतं आणि त्याच्याखाली एक हिरवा दिवा. सकाळी दारातून डोकावलं की तो चमकताना दिसायचा. आता तो विझला होता. बाहेर भट्टी पेटली होती, उघड्या जमिनीवर पाय ठेवणं मुश्कील होतं, आणि डबा सांगत होता की ऊन नाही.

मागच्या बाजूला गोठ्याला टेकून शिडी होती. प्लेटा गोठ्याच्या पत्र्यावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या. अंगणातून त्या दिसत नसत आणि भर दुपारी मागे फिरकायचं कुणाला कारण नसे. भुपेंद्र हाताला फडकी गुंडाळून वर चढला, मागोमाग उर्वशी. वरची झळ तोंडावर आदळली. डोळे बारीक करून तिने पाहिलं आणि पाहतच राहिली.

दोन्ही प्लेटांवर मामीचं जुनं लुगडं ताणून पसरलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड. आणि त्यावर ओळीने, दाटीवाटीने, मुंगाच्या वड्या वाळत होत्या.

उन्हाळ्यात वड्या कुठल्या घरात घालत नाहीत? बाजेवर घातल्या तर शेळ्या तोंड घालतात, कोंबड्या उकरतात, जंगलातली वानरं तर पसाच उचलून नेतात. इथे उंचावर, तापलेल्या काचेवर, एका दिवसात कडकडीत वाळतात. मामीने सोलरला हात लावला नव्हता, डब्याला लावला नव्हता, बॅटरीकडे गेली नव्हती. नवऱ्याचा हुकूम तिने अक्षरशः पाळला होता. प्लेटा ऊन खातात आणि त्यावरच फ्रिज चालतो, एवढं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेंदूपत्त्याला निघण्याआधी ती वड्या पसरायची आणि ऊन कलल्यावर, फळीवरून आली की, काढायची. उरलेल्या उन्हात बॅटरी थोडी जिवावर यायची, फ्रिज पुन्हा घूं करायला लागायचा, आणि सुईच्या वेळी कुलूप निघायचं तेव्हा सगळं ठाकठीक.

"फोनले दांडी आली," भुपेंद्र मध्येच म्हणाला. खाली वस्तीत कधी नेटवर्क नसायचं. गोठ्याच्या पत्र्यावर ते सापडलं.

त्याच वेळी उर्वशीला घरातून ओकारीचा आवाज आला.

ती शिडीवरून कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. रुपा चटईच्या कडेला पडली होती. डोळे अर्धे उघडे, पण हाकेला ओ नाही. श्वास खोल आणि भरभर चालला होता, धावून आल्यासारखा. आणि तो वास, पिकून उतरलेल्या फळाचा, सगळ्या खोलीत भरला होता. सकाळपासून पाण्याशिवाय काही तिच्या पोटात गेलं नव्हतं. उर्वशीने तिला कुशीवर वळवलं आणि जिवाच्या आकांताने भावाला हाक मारली, की मामाला लाव, ताबडतोब ये म्हणावं.

तासाभरात मामा मोटरसायकल फुफाट्यात उडवत आला, फळीवरून मामीलाही मागे बसवून. मामी धावत आत शिरली, लेकीवर वाकली, आणि तो वास नाकात जाताच तिचा चेहरा भीतीने आणि संतापाने वेडावाकडा झाला.

"आजई खाल्लं हिनं! मरतेस का वं, मरतेस का?" तिचा हात उठला होता.

उर्वशी मध्ये आली. ती जागची हलली नाही. "मामी, ती माह्यासमोर होती. कायी खाल्लं नाई तिनं. मारायचं असन तं मले मारा, पन आधी तिले दवाखान्यात न्या. बाटली खराब झाली आहे. ती बाटली डॉक्टरले दाखवा."

दारात उभ्या मामाने तिच्याकडे पाहिलं, मग बंद पडलेल्या फ्रिजकडे. मामीच्या कमरेची किल्ली त्याने ओढूनच घेतली. आतली बाटली त्याच्या हाताला कोमट लागली.

"मामाजी," भुपेंद्र म्हणाला, "गोठ्यावर पाहा एकदा. प्लेटांवर वड्या आहेत."

मामा थेट चटईपाशी गेला. त्याने रुपाला उचललं, मामीला मागे बसवून तिच्या मांडीवर दिलं आणि तुमसरचा रस्ता धरला. धूळ खाली बसली तेव्हा टोल्यात कुत्रंही हलत नव्हतं.

दोघांनी वड्या काढल्या. लुगडं गुंडाळून खाली आणलं. लगेच डब्यावरचा सूर्याखालचा दिवा हिरवा झाला, आणि तो पाहून भुपेंद्र भिंतीला टेकून रडायला लागला. इतकं सोपं होतं ते. संध्याकाळी उषाबाई भात-भाजी घेऊन आल्या आणि लेकराला आंब्याचं एवढं वेड बरं नव्हे, असं म्हणत हळहळल्या. उर्वशीने ताट घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. रुपा परत येईल की नाही हेच जिथे ठाऊक नव्हतं, तिथे आंब्यावरून भांडायला तिच्यात त्राण नव्हतं.

रात्री फोन घेऊन भुपेंद्र पुन्हा गोठ्यावर चढून बसला. खूप वेळाने मामाचा फोन आला. जिवंत आहे, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीने दोघं तुमसरच्या सरकारी दवाखान्यात पोहोचली. रुपाच्या दोन्ही हातांना नळ्या लावल्या होत्या. ती इतकी लहान दिसत होती, की उर्वशीला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या खाटेपाशी आलो. पण रुपाने डोळे उघडले आणि ओळखीचं हसली. मामी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून होती.

डॉक्टरीणबाईंनी मुलांना जवळ बोलावून सगळी हकिकत विचारली. कंच्याचं ऐकताना त्या मध्येच थांबल्या आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग त्यांनी समजावलं, की इन्सुलिन तापलं की निकामी होतं, त्याचं नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. आणि इन्सुलिन मिळालं नाही तर शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं, तेव्हा श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. तो खाल्ल्याचा वास नसतो. तो धोक्याचा वास असतो.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर मीही काही करू शकले नसते," त्या मामाला म्हणाल्या. "या मुलांनी तिला वाचवलं. मोठ्यांना जे दिसलं नाही ते त्यांनी शोधून काढलं, आणि कुणी ऐकत नसतानाही सोडलं नाही."

मामाने भुपेंद्रच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने जे सांगितलं ते त्याला फार जड गेलं असावं. सामान बसवणाऱ्याने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की प्लेटेच्या कोपऱ्यावरही सावली पडता कामा नये. त्यासाठी त्याने गोठ्याजवळच्या मोहाची फांदीसुद्धा तोडली होती. पण फांदी का तोडली हे घरात कुणाला सांगितलं नाही. "मी म्हनलं, बायका-पोराईले काय समजते सोलरमधलं," तो खाली पाहत म्हणाला. "माह्या मस्तीनं पोरगी चालली होती."

मामी हे सगळं पायथ्याशी बसून ऐकत होती. आता ती उठली आणि रुपाच्या उशाशी आली. वड्या तिने रुपासाठीच घातल्या होत्या. गोड काही चालत नाही, तर पावसाळाभर पोरीच्या ताटात वड्यांचा रस्सा तरी असावा म्हणून. ते सांगायला तिने तोंड उघडलं. तिने पदर तोंडात कोंबला.

रुपाने नळीचा हात जपून उचलला आणि आईच्या पदराला लावला. "आई, मी नवतं खाल्लं," ती म्हणाली.

"हाव वं बाई," मामी म्हणाली. "हाव."

रुपाला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मामाने भंडाऱ्याला फोन करून सोलरवाल्याला बोलावून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांना, उर्वशी-भुपेंद्रसकट, डब्यासमोर बसवून प्रत्येक दिवा समजावून घ्यायला लावला. सर्वांत जास्त प्रश्न मामीने विचारले. फ्रिजचं कुलूप तिने आल्या आल्याच काढून टाकलं होतं. शेजारी पाहायला आले, त्यांनी पोरांची वाहवा केली, उषाबाई तर म्हणाल्या की असली हुशार पोरं आमच्या टोल्यात पाहिजेत. रुपा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. माणसं जमली की अजूनही ती दाराआड उभी राहायची.

मामीने ते पाहिलं. ऊन कलल्यावर तिने रुपाचे केस विंचरले, तिला धुतलेला फ्रॉक घातला आणि तिचा हात धरून घराबाहेर निघाली. उर्वशी मागोमाग गेली. मामी पहिल्या फाटकाशी थांबली आणि आतल्या बाईला हाक मारून बाहेर बोलावलं.

"माही पोरगी चोर नवती," ती म्हणाली. "तिनं कोनाचा आंबा खाल्ला नवता. मीच तिचं औषध खराब केलं अन् मीच तिले मारलं. हे सांगाले आली."

ती बाई गोंधळली, या बसा म्हणाली. मामी बसली नाही. पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. कुणी समजूत घातली, कुणी नुसतं ऐकून घेतलं. उषाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि ओशाळून आपल्या प्लेटेवरच्या वड्या उतरवायला पोराला पिटाळलं. कोया लपवणारी पोरं आपापल्या आयांच्या मागे उभी राहून पाहत होती. मामीचा आवाज प्रत्येक दारात तितकाच मोठा होता, आणि प्रत्येक दारात तो थोडा जास्त फाटत होता.

टोल्याच्या शेवटाकडे येता येता रुपा दमली. तिने आईचा पदर ओढला. "आई, समजलं सगळ्याईले. चाल ना आता घरी."

मामी खाली वाकली आणि तिने लेकीला कडेवर घेतलं, दहा वर्षांच्या घोडीला, तान्ही असल्यासारखं.

"तुले चोर म्हनाले आली होती, तवा मी एकई दार सोडलं नवतं," ती म्हणाली आणि पुढच्या फाटकाकडे वळली.